एलसीडीवरील दशांश: मोजमापापासून अक्षरापर्यंत

मायक्रोकंट्रोलरने मोजलेले तापमान, वजन, व्होल्टेज किंवा ओलावा एलसीडीच्या पडद्यावर दशांश चिन्हासह दाखवणे, हे काम एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याच्या वाट्याला अगदी सुरुवातीलाच येते. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत ८०५१ मायक्रोकंट्रोलरला एलसीडी जोडण्याचे प्रात्यक्षिक अनेक वर्षांपासून करून घेतले जाते. त्यात विद्यार्थी आपले नाव पडद्यावर उमटवतो आणि काम झाले असे समजतो. खरी परीक्षा त्यानंतर, सेन्सर जोडल्यावर होते. खोलीचे तापमान २७.८ अंश असताना पडद्यावर नुसते २७ दिसते, कधी २.२ दिसते, कधी आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते. तारा बरोबर असतात, सेन्सर चांगला असतो, तरीही आकडा चुकतो. मोजमाप आणि पडद्यावरचे अक्षर यांच्यामध्ये चार-पाच पायऱ्या असतात आणि दशांश चिन्हाची जबाबदारी त्यांतील प्रत्येक पायरीवर थोडी थोडी असते. त्या पायऱ्यांची क्रमाने ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

दशांशाचे व्यवहारातील स्थान

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावात दशांश चिन्ह रोजच्या व्यवहारात अनेक ठिकाणी भेटते. सोयाबीन हमीभावाने विकताना दाण्यातील ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. तो मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ११.८ आला की माल पात्र ठरतो आणि १२.३ आला की पुन्हा वाळवायला न्यावा लागतो. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) हे प्रमाण धरून ठरतो व त्यापुढे फॅटच्या दशांशागणिक बदलतो. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात जाते, तेव्हा तिचे वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलो आणि ग्रॅममध्ये दिसते. सातबाऱ्यावरचे क्षेत्रही हेक्टर आणि आरमध्ये असते. एका हेक्टरचे १०० आर, म्हणून ५ आर म्हणजे ०.०५ हेक्टर आणि ५० आर म्हणजे ०.५० हेक्टर. बिंदूनंतरचे एक शून्य गळाले तर जमीन दहापट होते.

ही दशमान व्यवस्था या भागात तशी नवी आहे. हिंगोलीचा परिसर १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि त्याच सुमारास देशात दशमान मापे आली. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, मणाचे ४० शेर आणि शेराचे १६ छटाक असा हिशेब होता. आज ती मापे असती तर काट्यामधील मायक्रोकंट्रोलरला आधी सोळाने आणि मग चाळीसने भागावे लागले असते आणि पडद्यावर प्रत्येक मापासाठी वेगळी जागा ठेवावी लागली असती. दशमान पद्धतीत सगळी मापे दहाच्या पटीत चढतात, म्हणून एका बिंदूने काम भागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला या सोयीचा पुढे मोठा उपयोग होतो.

पडद्याला काय कळते

प्रयोगशाळेत आणि लहान उपकरणांत बहुधा १६ × २ प्रकारची एलसीडी वापरतात. तिच्यावर दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत १६ घरे असतात. प्रत्येक घर ५ आडव्या आणि ८ उभ्या ठिपक्यांचे असते. मागच्या बाजूला हिताची कंपनीचा एचडी४४७८० हा नियंत्रक किंवा त्याच्याशी जुळणारा दुसरा नियंत्रक बसवलेला असतो. आठ डेटा तारा, सूचना की अक्षर हे सांगणारी आरएस तार, लिहिणे की वाचणे हे ठरवणारी आरडब्ल्यू तार आणि ‘आता घे’ असे सांगणारी ई तार यांच्या आधारे त्याच्याशी बोलता येते. तारा वाचवायच्या असतील तर चारच डेटा तारांवरून प्रत्येक बाइट दोन तुकड्यांत पाठवतात.

या नियंत्रकाला संख्या अजिबात कळत नाही. त्याला एका वेळी एका अक्षराचा सांकेतिक क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकाचे चित्र तो आपल्या कायमच्या स्मृतीतून काढून घरात रंगवतो. इंग्रजी अक्षरे व अंक यांचे क्रमांक आस्की संकेताप्रमाणे आहेत. शून्याचा क्रमांक ४८, एकाचा ४९, नवाचा ५७ आणि पूर्णविरामाचा ४६. दशांश चिन्ह म्हणजे हाच ४६ क्रमांकाचा पूर्णविराम. पडद्यावर २७.८ दिसायचे असेल तर ५०, ५५, ४६, ५६ असे चार क्रमांक एकामागून एक पाठवावे लागतात. मायक्रोकंट्रोलरने नुसता २७ हा बाइट पाठवला तर पडद्यावर सत्तावीस उमटत नाही, कारण त्या क्रमांकाला अंकाचे चित्रच नाही.

घराचा पत्ताही प्रोग्रामलाच सांगावा लागतो. पहिल्या ओळीच्या सुरुवातीसाठी हेक्साडेसिमल ८० ही सूचना आणि दुसऱ्या ओळीसाठी सी० ही सूचना द्यावी लागते. बहुतेक सूचनांना नियंत्रक सुमारे ३७ मायक्रोसेकंद घेतो, पण पूर्ण पडदा पुसण्याच्या सूचनेला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो. तेवढी वाट न पाहता पुढचे अक्षर पाठवले तर ते हरवते आणि संख्येतला एखादा अंक गळतो. म्हणून आकडा चुकला की गणिताच्या आधी वेळेचा हिशेब तपासावा.

सेन्सरपासून पूर्णांकापर्यंत

मायक्रोकंट्रोलरच्या हाती दशांश संख्या येतच नाही. सेन्सर व्होल्टेज देतो आणि अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतरक, म्हणजे एडीसी, त्या व्होल्टेजचे एका पूर्णांकात रूपांतर करतो. ८०५१ कुळातील मूळ चिपमध्ये एडीसी नसतो, तो बाहेरून जोडतात. आर्डुइनो उनो या बोर्डवरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये १० बिटांचा एडीसी आहे. तो संदर्भ व्होल्टेजचे १०२४ भाग करतो आणि ० ते १०२३ यांपैकी एक पूर्णांक देतो. संदर्भ ५ व्होल्टचा असेल तर एक पायरी सुमारे ४.८८ मिलिव्होल्टची होते.

एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. त्यामुळे मिलिव्होल्टमध्ये जो आकडा येतो तोच अंशाच्या दशांशांचा आकडा असतो. २७८ मिलिव्होल्ट म्हणजे २७.८ अंश. एडीसीने ५७ दिला तर ५७ गुणिले ५००० भागिले १०२४ हा हिशेब करायचा. उत्तर २७८ येते. यात अपूर्णांक साठवण्याची गरज कुठेही पडली नाही, बिंदू फक्त पडद्यावर द्यायचा आहे.

याच हिशेबात पहिला सापळा आहे. ५७ गुणिले ५००० म्हणजे २,८५,०००. आर्डुइनोवरील साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. वरचे बिट गळाले की मागे २२,८५६ उरतात, त्याला १०२४ ने भागले की २२ येतात आणि पडद्यावर २.२ अंश उमटतात. मे महिन्यात मराठवाड्यात असे तापमान दिसले तर चूक लगेच लक्षात येते. पण धान्याच्या ओलाव्यात किंवा टाकीच्या पातळीत असाच चुकीचा आकडा खराही वाटू शकतो. गुणाकारापूर्वी संख्या ३२ बिटांच्या प्रकारात घेणे हा यावरचा साधा उपाय आहे.

दोन मार्ग: तरता बिंदू आणि स्थिर बिंदू

दशांश संख्या हाताळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तरत्या बिंदूचा, ज्याला प्रोग्रामिंगमध्ये फ्लोट म्हणतात. यात ३२ बिटांत संख्येचे सार्थ अंक आणि घातांक वेगवेगळे साठवतात. १९८५ साली आयईईई ७५४ या मानकाने त्याची रचना निश्चित केली. या प्रकारात सुमारे सात सार्थ अंक विश्वासाने मिळतात आणि फार मोठ्या तसेच फार लहान संख्या एकाच चौकटीत बसतात.

याची किंमत दोन प्रकारांनी मोजावी लागते. ८०५१ किंवा एटीमेगा३२८पी यांच्यात फ्लोटचे गणित करणारे वेगळे हार्डवेअर नाही, म्हणून प्रत्येक बेरीज-गुणाकार सॉफ्टवेअरने करावा लागतो. ८०५१ कुळातील एटी८९एस५२ मध्ये प्रोग्रामसाठी ८ किलोबाइट आणि चल राशींसाठी २५६ बाइट एवढीच जागा असते. तिथे फ्लोटची संपूर्ण लायब्ररी आणणे महागात पडते. म्हणूनच काही कंपायलर छपाईच्या प्रिंटएफ या फंक्शनमधून फ्लोटची सोय मुळातच वगळतात. एटीमेगा३२८पी ज्या कुळातली आहे त्या एव्हीआर चिपसाठीच्या प्रचलित लायब्ररीत ती सोय मुद्दाम जोडली नाही तर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते. अनेक विद्यार्थी त्या प्रश्नचिन्हासाठी एलसीडीला दोष देतात. त्या लायब्ररीत फ्लोटचे अक्षरांत रूपांतर करणारे डीटीओएसटीआरएफ हे वेगळे फंक्शन आहे. आर्डुइनोच्या प्रिंट सूचनेला बिंदूनंतर किती अंक हवेत तेही सांगता येते.

दुसरी किंमत अचूकतेची आहे. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही, तिचा विस्तार कधीच संपत नाही. ३२ बिटांत ती किंचित मोठी साठवली जाते. दहा वेळा ०.१ मिळवले तर उत्तर १ पेक्षा सुमारे एक कोट्यंशाने वाढते. तापमान दाखवताना हा फरक जाणवत नाही. पैशांचा किंवा दिवसभराच्या वजनाचा हिशेब बेरीज करत नेला तर तो साचत जातो. शिवाय उत्तर २९ ऐवजी २८.९९९९ असे साठले आणि प्रोग्रामने बिंदूपुढचा भाग सरळ कापून टाकला, तर पडद्यावर २८ दिसते.

दुसरा मार्ग स्थिर बिंदूचा. यात किंमत सर्वांत लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवतात. तापमान दशांश अंशांत, वजन ग्रॅममध्ये, रक्कम पैशांत. १२.३४५ किलो म्हणजे १२,३४५ ग्रॅम, ४५.५० रुपये म्हणजे ४,५५० पैसे. सगळे गणित पूर्णांकांचे राहते, वेगाने होते आणि त्यात गळती नसते. बिंदू कुठे द्यायचा हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधीच माहीत असते, तो फक्त शेवटी पडद्यावर लिहायचा. रुपये-पैसे मांडताना सारा समाज नेमके हेच करतो. लहान मायक्रोकंट्रोलरवर एकाच कक्षेतील मोजमाप दाखवायचे असेल तर स्थिर बिंदू हाच पहिला पर्याय असावा. घातांक, लॉगरिदम किंवा फार पसरलेली कक्षा असेल तिथे फ्लोट घ्यावा. ईएसपी३२ सारख्या नव्या चिपमध्ये फ्लोटसाठी हार्डवेअर आहे, त्यामुळे तिथे वेगाची अडचण उरत नाही. ०.१ ची अडचण मात्र तिथेही तशीच राहते.

अंक सुटे करणे

पूर्णांकाचे अक्षरांत रूपांतर भागाकार आणि बाकी यांनी होते. २७८ ला १० ने भागले की भागाकार २७ आणि बाकी ८. पुन्हा भागले की भागाकार २ आणि बाकी ७. शेवटी २ उरतो. अंक उजवीकडून डावीकडे मिळतात आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे लिहायचे असतात, म्हणून ते आधी स्मृतीत साठवतात. प्रत्येक अंकात ४८ मिळवला की आस्की क्रमांक तयार होतो. दशांशाच्या एका स्थळासाठी शेवटच्या अंकाच्या आधी ४६ ठेवायचा.

८०५१ मध्ये भागाकाराची एक सूचना आहे. ती ८ बिटांच्या संख्येला ८ बिटांच्या संख्येने भागते आणि १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ४ मायक्रोसेकंद घेते. २५५ पर्यंतच्या संख्येचे तीन अंक तिने सहज सुटे होतात. मोठ्या संख्येसाठी १०,००० किती वेळा वजा होतात, मग १,००० किती वेळा, असे मोजत जाण्याची जुनी रीत आहे. भागाकार टाळणारी आणखी एक पद्धत आहे. संख्या एकेक बिट डावीकडे सरकवायची आणि सरकवण्यापूर्वी ज्या दशक गटात पाच किंवा जास्त असेल त्यात तीन मिळवायचे. या पद्धतीने द्विमान संख्येचे दशमान अंक थेट तयार होतात. सी भाषेत लिहिणाऱ्याला हे काम कंपायलर करून देतो, पण आत काय घडते हे माहीत असल्याशिवाय पुढच्या चुका सापडत नाहीत.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक बिंदूनंतरच्या शून्याची. ३.०५ चे पूर्णांक ३ आणि अपूर्णांक ५ असे दोन भाग करून मध्ये बिंदू ठेवला तर पडद्यावर ३.५ दिसते. अपूर्णांकाचा भाग नेहमी ठरलेल्या अंकसंख्येत लिहावा आणि रिकामी जागा शून्याने भरावी.

दुसरी चूक ऋण संख्येची. उणे ०.५ अंश हे दशांश अंशांत उणे ५ असते. त्याला १० ने भागले की भागाकार ० येतो आणि ऋण चिन्ह नाहीसे होते. बाकी उणे ५ राहते. तिच्यात ४८ मिळवले की ४३ येतात आणि ४३ हा अधिक चिन्हाचा क्रमांक आहे. त्यामुळे पडद्यावर शून्य, बिंदू आणि अधिक चिन्ह असे विचित्र उत्तर उमटते. संख्या ऋण आहे का ते आधी तपासावे, चिन्ह लिहावे, मग संख्या धन करून अंक सुटे करावेत.

तिसरी चूक पूर्णनाची. २.९९६ दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायचे असेल तर ३.०० यायला हवे. पूर्णांक आणि अपूर्णांक आधी वेगळे करून फक्त अपूर्णांकाचे पूर्णन केले तर हातचा पलीकडे जात नाही आणि २.१०० असे उत्तर येते. म्हणून आधी संपूर्ण संख्येचे पूर्णन करावे, नंतर तिचे भाग पाडावेत. २,९९६ मध्ये ५ मिळवून १० ने भागले की ३०० येतात आणि त्यांचे ३ व ०० होतात.

चौथी चूक जुन्या अक्षरांची. पडद्यावर आधी १००.० होते आणि नंतर त्याच जागेपासून ९९.९ लिहिले, तर पाचव्या घरातले जुने शून्य तसेच राहते आणि ९९.९० दिसते. यावर दर वेळी सगळा पडदा पुसला तर तो लुकलुकतो. चांगला उपाय म्हणजे संख्या नेहमी ठरलेल्या रुंदीत, डावीकडे रिकाम्या जागा भरून लिहिणे. त्यामुळे बिंदूही कायम एकाच घरात राहतो आणि वाचणाऱ्याची नजर अडखळत नाही.

किती अंक दाखवावेत

अंक बरोबर उमटू लागले की या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. बिंदूनंतर किती अंक दाखवणे योग्य आहे? प्रोग्रामला दोन, चार, सहा कितीही अंक लिहिता येतात. मोजमाप तेवढे सूक्ष्म असतेच असे नाही.

वरच्या उदाहरणात एडीसीने ५७ दिला तेव्हा २७.८ आले. पुढची पायरी ५८ आणि तिचे उत्तर २८.३. म्हणजे २७.९ ते २८.२ हे आकडे त्या उपकरणाच्या पडद्यावर कधीच येणार नाहीत. तापमान हळूहळू वाढत असताना पडदा अर्धा अंश उडी मारतो. तिथे २७.८३ असे दोन स्थळांपर्यंत लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याला नसलेली माहिती देणे. संदर्भ व्होल्टेज ५ ऐवजी एटीमेगाच्या आतले १.१ व्होल्ट घेतले तर एक पायरी सुमारे ०.१ अंशाची होते आणि एका दशांश स्थळाला अर्थ येतो.

सूक्ष्मता आणि अचूकता याही वेगळ्या गोष्टी आहेत. डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर १२ बिटांच्या मांडणीत ०.०६२५ अंशाच्या पायऱ्या देतो, पण त्याची हमी उणे १० ते ८५ अंशांच्या कक्षेत अधिक-उणे अर्ध्या अंशाची आहे. त्याच्या पायरीमुळे चार दशांश स्थळे लिहिता येतात. खरे तापमान त्या आकड्याच्या अर्धा अंश इकडे किंवा तिकडे असू शकते. तापमानातला बारीक बदल पाहायचा असेल तर जादा अंक उपयोगी पडतात. प्रत्यक्ष तापमान सांगायचे असेल तर एक स्थळ पुरेसे आहे.

वजनकाट्यात हाच प्रश्न पैशांशी जोडलेला असतो. वजन टिपणाऱ्या लोडसेल या सेन्सरचा क्षीण संदेश वाचण्यासाठी विद्यार्थी सहसा एचएक्स७११ ही २४ बिटांची एडीसी चिप वापरतात. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. ५० किलोच्या काट्यावर हिशेबाने एक पायरी ३ मिलिग्रॅमची होते. वाऱ्याची झुळूक, तापमान, तारांतला गोंगाट आणि लोडसेलची स्वतःची चूक यांत त्या पायऱ्यांचा मोठा भाग बुडून जातो. लोडसेलची चूक पूर्ण क्षमतेच्या ०.०२ टक्के धरली तरी ५० किलोवर ती १० ग्रॅम भरते. अशा काट्यावर एक ग्रॅमचा अंक दाखवणे खोटे ठरेल.

व्यापारी काट्यांसाठी ही मर्यादा कायद्याने घातली आहे. वैधमापनशास्त्र कायदा २००९ आणि त्याखालील नियम यांच्यानुसार पडताळणीची पायरी १, २ किंवा ५ आणि त्यांच्या दहाच्या पटी यांतलीच असावी लागते. म्हणून काही काट्यांवर शेवटचा अंक नेहमी ० किंवा ५ असतो. १२.३४० नंतर थेट १२.३४५ येते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. हळदीचा भाव क्विंटलला १५,००० रुपये धरला तर १०० ग्रॅमची चूक १५ रुपयांची होते आणि दिवसभरात शंभर पोती मोजली गेली तर तीच दीड हजारांवर जाते. शेवटचा अंक किती विश्वासाचा आहे हा प्रश्न शेतकऱ्याच्या पट्टीपर्यंत पोहोचतो.

ओलाव्याच्या यंत्रातही तसेच आहे. यंत्राची चूक अर्ध्या टक्क्याची असेल तर ११.८ आणि १२.३ या दोन आकड्यांत निवाडा करण्याइतका फरक उरत नाही. अशा वेळी निरनिराळ्या ठिकाणचे नमुने घेऊन सरासरी काढणे न्यायाचे. प्रोग्राममध्येही हेच तत्त्व लागू होते. सलग १६ वाचनांची बेरीज करून १६ ने भागले की गोंगाट कमी होतो. १६ ही संख्या दोनचा घात असल्यामुळे भागाकार नुसत्या सरकवण्याने होतो. शेवटचा अंक सतत हलत असेल तर किंमत ठरावीक मर्यादेपेक्षा बदलल्यावरच पडदा नवा करावा. मात्र हलणारा अंक कशामुळे हलतो ते समजून घेतल्यावरच तो स्थिर करावा, एरवी बिघाड लपवल्यासारखे होते.

देवनागरी अंक

पुसेगावच्या बाजारात काटा वाचणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी अंक सरावाचे असतात असे नाही. बसच्या पाट्या, दिनदर्शिका आणि सातबारा यांवर देवनागरी अंक असतात आणि अनेक वडीलधाऱ्यांना तेच चटकन वाचता येतात. एचडी४४७८० च्या कायमच्या स्मृतीत देवनागरी चिन्हे नाहीत, पण सीजीरॅम या भागात आठ नवी चित्रे बसवता येतात. प्रत्येक चित्राला आठ बाइट लागतात. देवनागरी अंकांना शिरोरेषा नसते, त्यामुळे ते ५ × ८ ठिपक्यांत बऱ्यापैकी बसतात. जोडाक्षरांना तेवढी जागा पुरत नाही.

अंक दहा आणि जागा आठ, ही अडचण सुटण्याजोगी आहे. देवनागरी शून्याचे काम इंग्रजी लहान ‘ओ’ या अक्षराने भागते. उरलेल्या नऊ अंकांपैकी एका वेळी पडद्यावर सगळे क्वचितच लागतात. २७.४५ मध्ये चारच वेगळे अंक आहेत. किंमत बदलली की कोणते अंक लागणार ते आधी पाहून तेवढीच चित्रे सीजीरॅममध्ये भरावीत. ज्या जागेतले चित्र बदलते ते पडद्यावर जिथे जिथे असेल तिथे लगेच बदलते, म्हणून वापरात असलेल्या जागा सोडून रिकाम्या जागेत नवे चित्र भरावे. दोन्ही ओळींत भरपूर आकडे हवे असतील तर १२८ × ६४ ठिपक्यांची ग्राफिक एलसीडी घ्यावी. तिच्यावर अंक मोठेही काढता येतात आणि ‘किलो’, ‘टक्के’ हे शब्दही मराठीत लिहिता येतात.

फार लहान संख्या

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. अशा वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये १०^−१८ मीटरच्या आसपासचे बदल ओळखावे लागतात. हा आकडा साध्या दशांशात लिहायचा तर शून्य, बिंदू, मग सतरा शून्ये आणि एक, अशी वीस घरे लागतात. १६ घरांच्या ओळीत तो मावतच नाही. बिंदूनंतर सहा अंक दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तो नुसता ०.०००००० असा दिसेल. अशा वेळी सार्थ अंक आणि दहाचा घात वेगळे लिहिण्याची वैज्ञानिक पद्धत वापरतात, किंवा एकक बदलून मिली, मायक्रो, नॅनो असे उपसर्ग घेतात. ०.०००४७ अँपिअर लिहिण्यापेक्षा ४७० मायक्रोअँपिअर हे वाचायला सोपे आणि चुकायला अवघड.

जुळणीचा क्रम

हे सर्व एकत्र आणताना क्रम पाळला तर दोष शोधणे सोपे जाते. प्रथम पडद्यावर एक ठरावीक मजकूर उमटवावा, म्हणजे जोडणी, कॉन्ट्रास्ट आणि वेळ तपासून होतात. नंतर सेन्सर न जोडता प्रोग्राममध्येच ठरवलेल्या किमती दाखवाव्यात. त्यात ०, ०.०५, ९.९९६, ९९.९, १००.०, उणे ०.५ आणि कक्षेतील सर्वांत मोठी किंमत असावी. वर सांगितलेल्या बहुतेक चुका या यादीत पकडल्या जातात. मग एडीसीचा कच्चा पूर्णांक जसाच्या तसा दाखवावा. शेवटी गणित जोडावे आणि खात्रीच्या मापकाशी तुलना करावी. तापमानासाठी वितळत्या बर्फाचे पाणी, वजनासाठी शिक्का असलेली प्रमाणित वजने, व्होल्टेजसाठी चांगला मल्टिमीटर. या तुलनेत जो फरक दिसेल त्यावरूनच बिंदूनंतरच्या अंकांची संख्या ठरवावी.

मायक्रोकंट्रोलर पूर्णांक देतो, एलसीडी अक्षरे उमटवते आणि बिंदूची जागा प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. त्या बिंदूच्या उजवीकडचा प्रत्येक अंक वाचणारा खरा मानतो, त्यावर माल देतो, घेतो किंवा परत नेतो. म्हणून तंत्रनिकेतनात पहिला वजनकाटा किंवा ओलावामापक बनवणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे कटाक्षाने पाळावे: जेवढे मोजले आहे आणि तपासले आहे, तेवढेच अंक पडद्यावर लिहावेत.